चिंचबन शहरात गेलं

माझ्या घरी वरच्या खोलीत प्रज्ञा नावाची नर्स भाड्यानं राहते. कुणी तिला नांदेडची म्हटलं की ती लगेच दुरुस्त करते, "नांदेडची न्हाई काकू, चिंचबनची. नांदेडच्या भायेर हाय आमचं गाव." पावसाळा सरता सरता ती एकदा जिना दणादणा उतरत आली आणि मी भाजी चिरत होते तिथं येऊन ओरडली, "काकू, अक्का सरपंच होणार!"

अक्का म्हणजे तिची थोरली बहीण करुणा. चिंचबनच्या सरपंचपदाची सोडत तहसीलमध्ये निघाली आणि या खेपेला पद अनुसूचित जातीच्या बाईसाठी राखीव झालं. गावात असं पहिल्यांदाच होत होतं. करुणा त्याच ग्रामपंचायतीत शिपाई. ऑफिस उघडायचं, झाडायचं, सरपंचाची खुर्ची पुसायची, सभेला चहा आणायचा, हे तिचं काम. पण पंचायतीचा पगार घेणाऱ्या माणसाला पंचायतीच्या निवडणुकीला उभं राहता येत नाही. म्हणून तिनं सोडत झाल्याबरोबर राजीनामा दिला होता.

"खुळी का काय तुझी अक्का? हातची नोकरी सोडली?" मी म्हटलं.

"काकू, सगळ्या वस्तीनं बसून एकच नाव काढलंय. दुसरी कुणी उभीच राहणार न्हाई. बिनविरोध येती अक्का!"

मी जन्मभर भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर एका प्रकाशकानं मला मुलांसाठी शहरांवर एक सोपं पुस्तक लिहायला दिलंय आणि त्यातला 'महानगर क्षेत्र म्हणजे काय' हा धडा काही केल्या जमेना. मुंबई-पुण्यावर लिहायचा कंटाळा आला होता. म्हटलं, वाढत्या वयाची शहरं बघावीत, लातूर आणि नांदेड, आणि जाताजाता सरपंचबाईंनाही भेटावं. निघताना प्रज्ञानं माझ्या पिशवीत एक साडी कोंबली. पांढरी, निळ्या काठाची. "पहिल्या सभेला अक्कानं हीच नेसायची, सांगा तिला."

लातूर

सकाळी लातूरला उतरले आणि वाटलं, दंगलबिंगल झाली की काय! गंजगोलाईत चिटपाखरू नाही. एरवी तिथं पाय ठेवायला जागा नसते म्हणे. चहूकडं रस्ते फुटतात आणि प्रत्येक रस्त्यावर वेगळा बाजार. त्या दिवशी सगळी शटरं खाली, कुत्री ऊन खात पडलेली. हॉटेल बंद, टपरी बंद. मला सकाळी चहा मिळाला नाही तर माझं डोकं चढतं, आणि ते चांगलंच चढलं होतं.

लॉजवर गेले तर तिथले मालक व्यंकटराव दाराला कुलूप घालत होते.

"संचारबंदी आहे का हो गावात?"

ते पोट धरून हसले. "येळवस हाय मॅडम आज. वेळ अमावस्या. आख्खं लातूर रानात गेलंय. आन तुमी एकल्या इथं काय करायलाव? उपाशी मरताल. बसा गाडीत."

ओळख ना पाळख, आणि मी त्यांच्या बायकोच्या शेजारी, मांडीवर खिरीचं पातेलं धरून, शिरूर अनंतपाळच्या रस्त्याला लागले सुद्धा. शिरूर हे तालुक्याचं गाव. तिथं आता नगरपंचायत आहे, म्हणजे सरकारच्या लेखी ते शहर झालंय. त्या शहराच्या मुख्य रस्त्यात कडब्यानं लादलेली बैलगाडी आडवी उभी होती आणि गाडीवान शांतपणे तंबाखू मळत होता. व्यंकटरावांनी हॉर्न वाजवला, मग खाली उतरून त्याच्याकडूनच चिमूटभर तंबाखू घेतली, मग गाडी हलली.

रानात कडब्याची कोप केली होती. कोप म्हणजे पेंढ्या उभ्या करून केलेली छोटी खोपटी. आत चुना फासलेले पाच दगड, ते पांडव. पूजा झाली आणि जेवण वाढलं. भज्जी नावाचा प्रकार मी पहिल्यांदा खाल्ला. हिरव्या तुरीचे दाणे, हरभरा, वाटाणा, वाल, जे जे त्या दिवसांत रानात असतं ते सगळं शिजवून त्याला बेसन लावतात. बरोबर बाजरीचे उंडे आणि मडक्यातली गारेगार आंबील. आमच्या कोल्हापुरात पाहुण्याला तिखट रश्श्यानं घाम फोडतात. इथं वाढणाऱ्या बायका नुसत्या आग्रहानं घाम फोडतात. "घ्या वो, लाजू नका, येळवशीला कुणाला न्हाई म्हणत न्हाईत," असं म्हणत व्यंकटरावांच्या बायकोनं माझ्या पानात पुन्हा पुन्हा भज्जी लोटली.

जेवणं झाल्यावर व्यंकटराव आंबिलीचं मडकं घेऊन शेताच्या कडेकडेनं शिंपत फिरून आले. परत आल्यावर मी त्यांना मास्तरकीच्या सवयीनं विचारलं, "तुम्ही स्वतःला शहरातले म्हणता की खेड्यातले?"

"लातूरचा हाय की मी. लॉज हाय माझा." मग मडक्यात बघत म्हणाले, "पर जीव इथं ऱ्हातोय."

आमच्या भूगोलात याला उत्तर आहे. एखाद्या गावची वस्ती पाच हजारांवर गेली, ती पुरेशी दाट असली आणि तिथल्या कामकरी पुरुषांतले पंचाहत्तर टक्के शेती सोडून दुसरं काहीबाही करायला लागले की जनगणनेवाले त्या गावाला नगर म्हणून मोजतात. यात फक्त पुरुषच मोजतात बरं. बाई गिरणीत जावो की रानात, तिच्यावरून गावचं काही ठरत नाही. मग अशी गावं आणि शेजारचं मोठं शहर सलग झालं की त्यांचा एक नागरी समूह होतो. आणि दहा लाखांवर वस्ती, एकाहून जास्त नगरपालिका-पंचायती असा पसारा झाला की राज्यपालांच्या सहीनं त्याला महानगर क्षेत्र म्हणता येतं. मी हे व्यंकटरावांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. तुमी नांदेडला चालल्या न्हवं? त्यांना सांगा, आयुक्तालय लातूरलाच पायजे." नव्या महसूल विभागाचं ठाणं लातूरला की नांदेडला, यावरून या दोन शहरांचं जुनं भांडण आहे. पाचही पांडवांसमोर त्यांनी ते मला सविस्तर ऐकवलं.

मजेत होते मी तोवर. खरंच. मग प्रज्ञाचा फोन आला.

"काकू, निवडणूक रद्द झाली. गाव महापालिकेत घेतलं. आता ग्रामपंचायतच न्हाई ऱ्हायली."

माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं मग चांगलंच की! नळ येईल, दिवे येतील, रस्ते—"

तिनं मला मधेच तोडलं. "आन अक्का?" ती म्हणाली आणि फोन ठेवला. मी जीभ चावली. व्यंकटरावांच्या बायकोनं मला आणखी खीर वाढली आणि ती मला गेली नाही.

नांदेड

लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा एसटीचा रस्ता. खिडकीतून सगळीकडं तूर आणि ज्वारी दिसत होती, मधूनच एखादं 'बिगरशेती प्लॉट विकणे आहे' असं फळकूट रोवलेलं. ते फळकूट जिथं दिसेल तिथं पुढच्या गावात शहर येणार हे ओळखावं. आमच्याकडं कोल्हापुरात हद्दवाढीचं घोंगडं इतकी वर्षं भिजत पडलंय की शेजारची गावं शहराचं नाव काढलं तरी अंगावर येतात. मला वाटायचं, गावाला शहरात ओढून न्यावं लागतं. गाव आपल्या पायानं चालत जातं हे मला ठाऊक नव्हतं.

नांदेडला पोचल्यावर पोटात कावळे ओरडत होते, म्हणून आधी गुरुद्वाऱ्यात गेले. लंगरच्या पंगतीत माझ्या एका बाजूला पंजाबहून आलेलं म्हातारं जोडपं आणि दुसऱ्या बाजूला देगलूरचा एक भुसार व्यापारी, फोनवर अर्धं तेलुगू अर्धं मराठी बोलत वरण ओरपत होता. डाळ-रोटी वाढणाऱ्या सरदारजींनी तिघांनाही सारख्याच आवाजात "और?" विचारलं. एरवी मी या पंगतीवर दोन पानं लिहिली असती. पण त्या दिवशी माझं लक्ष पिशवीतल्या साडीकडं जात होतं. ती आता काय म्हणून द्यायची?

चिंचबनला जायला शेअर रिक्षा मिळाली. मी ड्रायव्हरला म्हटलं, "शहर संपलं की मला सांगा हो, मला बघायचंय कुठं संपतं." तो "हाव, सांगतो की" म्हणाला. मंगल कार्यालयं गेली, कोचिंग क्लासचे बोर्ड गेले, दोन पेट्रोल पंप गेले, मध्येच एक हरभऱ्याचं वावर आलं, पुन्हा अपार्टमेंट. मग चिंचेची झाडं आणि एक शाळा दिसली आणि तो म्हणाला, "आलं तुमचं चिंचबन."

"अहो, आणि शहर?"

"ते कवाचं संपलं... न्हाई न्हाई, आता इथपर्यंत शहरच की!" आणि स्वतःशीच हसला.

चिंचबन

करुणा दारातच उभी होती. बारीक अंगाची, चाळिशीची, केस घट्ट मागं बांधलेले. "जय भीम, मॅडम. या. प्रज्ञानं लई सांगितलंय तुमचं." घर दोन खोल्यांचं, सारवलेलं नव्हे, फरशीचं आणि लख्ख. तिचा नवरा गवंडीकामाला गेला होता. ओट्यावर एक मोठा पितळी डबा धुऊन पालथा घातलेला दिसला.

चहा पितापिता तिनं सगळं सांगितलं. आवाज एकदाही चढला नाही तिचा.

"सोडत झाली तवा तात्या सोता आले सांगायला. तात्या म्हंजी आताचे सरपंच. घरात दोन पिढ्या सरपंचकी हाय त्यांच्या. म्हणले, करुणा, आता तुझा नंबर. मला लई भरून आलं मॅडम. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. मंग ते माझ्या माघारी वस्तीत एकेकीच्या घरी जाऊन आले. तू हुबी ऱ्हा, तू हुबी ऱ्हा, सगळं आमी बघतो, तू निस्ता अंगठा कर. कुणीबी तयार झाली न्हाई. सगळ्या म्हणल्या, करुणाच."

"मग?"

"मंग ग्रामसभा घेतली. गाव शहरात घ्या म्हणून ठराव केला. हात वर करा म्हणले तर समदे हात वर."

"तू नव्हतीस?"

"होते की. वस्तीतल्या समद्या होतो. आमी न्हाई म्हणलो. पर आमी किती?"

एरवी हद्दवाढीची ही फाईल वर्षानुवर्षं पडून असते. इथं चिंचबनची पंचायत दरवर्षी विरोधाचा ठराव करायची, तेवढाच अडसर होता. तो निघाला आणि अधिसूचना आली. ग्रामपंचायतच संपली, मग सरपंच कसली? मी विचारलं, राजीनामा मागं घेता येत नाही का? करुणा पदराच्या टोकाशी चाळा करत होती.

"इचारलं म्या. जागा भरली म्हणले. तात्याच्या पुतण्याला घेतलं. आता पंचायतीतली माणसं महापालिकेच्या नोकरीत जाणार. कायम." "म्या निस्ती खुर्ची पुसत बसले असते तरी आज कार्पोरेशनची नोकर झाले असते बगा."

मला इतका राग आला होता की मी चहाचा कप तसाच ठेवून उठले आणि ग्रामपंचायतीकडं निघाले. ती मागून म्हणाली, "मॅडम, भांडू नका वो. आमाला हितंच ऱ्हायचंय."

पंचायतीचं ऑफिस चिंचेखाली. एक पेंटर शिडीवर चढून पाटी खरवडत होता. 'ग्रामपंचायत' एवढं गेलं होतं, 'चिंचबन' राहिलं होतं. खाली खुर्ची टाकून एक पांढऱ्या टोपीचे गृहस्थ बसले होते. मी भूगोलाची मास्तरीण, पुस्तकासाठी माहिती घ्यायला आले म्हटल्यावर ते चटकन उठून उभे राहिले, मला आपली खुर्ची दिली, पाणी मागवलं. तेच तात्या. माणूस वाईट दिसेल, बोलायला खेकसेल, तर निदान सोपं जातं. हे तसे नव्हते.

"गावाचा इकास व्हायचा तर शहरात जावंच लागतंय, मॅडम."

"पण तुम्ही तर दरवर्षी विरोधाचा ठराव करत होता ना?"

"हाव. घरपट्टी वाढती, रोजगार हमीचं काम बंद व्हतंय. म्हणून न्हाई म्हणत हुतो."

"मग ते सगळं औंदा कसं चालतंय? औंदा काय झालं?"

ते पेंटरकडं बघत राहिले. रंगाचे पापुद्रे खाली पडत होते.

"औंदा सोडत झाली," ते म्हणाले. आणि मग जरा घाईनं, "म्हंजी, टाइम आला. कवातरी व्हायचंच हुतं."

"करुणानं नोकरी सोडली तुमच्या शब्दावर."

"आता तुमी करुणाचं काढलं म्हणून सांगतो. ती आमच्या घरच्यावानी हाय. तिच्या बाळतपणाला माझ्या जीपमधून दवाखान्यात नेलंय, सोता चालवत. येळवशीचा पैला डबा तिच्या घरी जातो, मागून आमच्या पोरीला. इचारा तिला. पर खुर्चीचं येगळं असतंय, मॅडम. गाव मानत न्हाई."

"गाव म्हणजे कोण?"

त्यांनी टोपी सारखी केली. मी म्हटलं, एका बाईला खुर्चीवर बसू द्यायचं नाही म्हणून तुम्ही तुमचं अख्खं गाव मोडलंत. ते दुखावल्यासारखे माझ्याकडं बघत राहिले.

"मोडलं कुठं?" ते म्हणाले. "मोठं झालं."

माझ्या धड्यात लोकसंख्या आहे, घनता आहे, शेतीबाहेरचा रोजगार आहे. सगळं तपासलं तर चिंचबन कदाचित त्यात बसेलही. कधी ना कधी बसलंच असतं. उद्या नांदेडचं महानगर क्षेत्र झालं तर नकाशावर चिंचबन आत असेल आणि माझ्यासारखी एखादी मास्तरीण मुलांना सांगेल की शहर वाढत वाढत इथवर आलं. मुलं लिहून घेतील. मी तिथं उभी होते आणि मला ब्रह्मांड आठवलं, दुसरा शब्द नाही.

परत आले तर करुणानं भाकरी, अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी केली होती. जेवताना ती मला विचारत होती, महापालिकेच्या निवडणुकीला उभं राहता येतं का? येतं, मी सांगितलं. पण प्रभाग मोठा, शहरातले कितीतरी मोहल्ले त्यात येणार, तिथं तुला कोण ओळखतंय? आणि आरक्षण कुठल्या जागेला पडेल कुणी सांगावं? खोटी आशा द्यायला माझी जीभ वळली नाही. ती हूं म्हणाली आणि मला आणखी भाकरी वाढली. मग मी साडी काढून तिच्या हातात दिली. तिनं निळ्या काठावरून हात फिरवला, बराच वेळ, आणि मग ट्रंक उघडून सगळ्यात खाली ठेवून दिली. तेवढ्यात तिचे डोळे भरले. मी दुसरीकडं बघितलं, आणि खरं सांगायचं तर माझेही भरले होते.

निघायची वेळ झाली. ओट्यावरचा पितळी डबा तिनं सुलटा केला, फडक्यानं पुसला.

"हा तात्याच्या घरचा. परवा येळवशीची भज्जी आन उंडे आले हुते त्यातून. दरसाल येतात. ठरावानंतरबी आले."

"खाल्लंस?"

"लेकरांनी खाल्लं. अन्नावर कशाला राग काढायचा."

तिनं फळीवरून साखरेचा डबा काढला. आमच्याकडं काय आणि इथं काय, शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालतात. तिनं मूठभर साखर घेतली, पितळी डब्यावर धरली. मूठ तशीच राहिली. मग तिनं ती साखर परत आपल्या डब्यात ओतली, तळहाताला चिकटलेली सुद्धा झटकून टाकली, आणि पितळी डब्याचं झाकण लावलं.

"मॅडम, तुमच्या रस्त्यातच घर हाय त्यांचं. देता एवढा?"

तात्यांचं घर म्हणजे रंग दिलेला दुमजली बंगला, पुढं तुळस. त्यांची बायको अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी डबा पुढं केला. "करुणानं दिलाय." त्यांनी तोंडभर हसून "बसा की वो" म्हणत तो घेतला, आणि सवयीनं झाकण काढून आत हात घातला. मग हात बाहेर काढून पुन्हा आत बघितलं. डबा थोडा उन्हाकडं कलता केला.

"इसरली वाटतं," त्या हळूच म्हणाल्या.

"नाही," मी म्हटलं. "विसरली नाही."